वॉशिंग्टन यांचे लष्करी दफ्तर, नागपुरातून वाचताना

अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसने जॉर्ज वॉशिंग्टन यांच्या कागदपत्रांचा आपल्याकडील संग्रह इंटरनेटवर विनामूल्य खुला केला आहे. मराठा इतिहासाची आवड असलेल्या नागपूरकराने तो उघडून पाहावा, यासाठी मला एक कारण पुरेसे वाटते. अमेरिकी स्वातंत्र्ययुद्धात, ऑक्टोबर 1781 मध्ये यॉर्कटाउन येथे ज्या इंग्रज सेनानीच्या फौजेने वॉशिंग्टन यांच्यापुढे शस्त्रे खाली ठेवली, तोच लॉर्ड कॉर्नवॉलिस 1786 मध्ये गव्हर्नर जनरल होऊन कलकत्त्यास आला आणि त्यानेच जॉर्ज फॉर्स्टर यास वकील म्हणून भोसल्यांच्या दरबारी नागपुरास धाडले. श्रीरंगपट्टणचा विजेता म्हणून आपल्या ओळखीच्या असलेल्या या माणसाने हार पत्करताना काय लिहिले, ते या दफ्तरात वाचता येते.

17 ऑक्टोबरचे ते पत्र अगदी आटोपशीर आहे. 24 तास लढाई थांबवावी आणि दोन्ही बाजूंच्या दोन-दोन अधिकाऱ्यांनी मूर नावाच्या गृहस्थाच्या घरी भेटून यॉर्क व ग्लॉस्टर ही ठाणी सोपवण्याच्या अटी ठरवाव्यात, एवढीच त्यातील मागणी आहे. वॉशिंग्टन यांनी त्याच दिवशी उत्तर दिले. आणखी रक्तपात टाळण्याची इच्छा त्यांनी सौजन्याने व्यक्त केली खरी. परंतु अटी आधी लेखी कळवाव्यात असे बजावून त्यासाठी केवळ दोन तासांची सवलत दिली. मागितले 24 तास, मिळाले दोन. हाच मजकूर एखाद्या ग्रंथातील दोन ओळींच्या सारांशात वाचला, तर त्यातील ताण जाणवत नाही.

संग्रह सुमारे 77 हजार कागदांचा असून तो नऊ विभागांत लावलेला आहे. रोजनिशा, पत्रांच्या नकलवह्या, सर्वसाधारण पत्रव्यवहार, हिशेब आणि लष्करी कागद हे स्वतंत्र ठेवल्यामुळे, पेशवे दफ्तराचे रुमाल, म्हणजे कापडात बांधलेले कागदांचे गठ्ठे, सोडून पाहण्याची सवय असलेल्यास येथे परके वाटत नाही. तिसरा विभाग मला विशेष महत्त्वाचा वाटतो. युद्ध चालू असतानाच, 1781 मध्ये, वॉशिंग्टन यांनी आपल्या लष्करी कागदांची व्यवस्थित नक्कल करवून घेण्यासाठी काँग्रेसकडे, म्हणजे अमेरिकी वसाहतींच्या प्रतिनिधिमंडळाकडे, माणसे मागितली. रिचर्ड व्हॅरिक यांच्या देखरेखीखाली कारकुनांनी सुवाच्य अक्षरात 44 खंड सिद्ध केले. छावणीत बसून पुढच्या पिढ्यांसाठी दफ्तर राखण्याची ही दृष्टी आपल्याकडील किती सरदारांना होती, हा प्रश्न मनात आल्यावाचून राहत नाही. नवशिक्या वाचकाने याच खंडांपासून सुरुवात करावी. मूळ मसुदे हॅमिल्टन, टिल्घमन अशा निरनिराळ्या सहायकांच्या हातचे असून खाडाखोडीने भरलेले आहेत.

हिशेबाची वहीही चुकवू नये. सेनापतिपदासाठी मंजूर झालेले दरमहा 500 डॉलर वॉशिंग्टन यांनी नाकारले आणि फक्त झालेला खर्च मागितला. त्या खर्चाचा 1775 ते 1783 चा तपशील त्यांनी स्वहस्ते लिहून सादर केला. हेरगिरीत रस असणाऱ्यांसाठी मेजर बेंजामिन टॅलमेज यांची सांकेतिक यादी आहे. तिच्या ओळींतून शब्दांपुढे अंक मांडलेले दिसतात: वॉशिंग्टन म्हणजे 711, न्यूयॉर्क म्हणजे 727. जानेवारी 1780 च्या हवामानाच्या नोंदींत मॉरिसटाउनच्या छावणीभोवती साधारण 18 इंच बर्फ साचल्याचा उल्लेख येतो. मे महिन्यात धरमपेठेतील घरी कूलरसमोर बसून तो वाचताना सैनिकांची दया येते आणि थोडा हेवाही वाटतो.

आता उणिवा. बहुतेक प्रतिमा मूळ कागदांवरून न घेता जुन्या मायक्रोफिल्मवरून (कागदांच्या सूक्ष्म छायाचित्रांच्या फितीवरून) घेतलेल्या असल्यामुळे करड्या दिसतात, आणि जेथे शाई मागच्या बाजूस उमटली आहे तेथे वाचन जिकिरीचे होते. मोबाइलच्या पडद्यावर तर हे काम करूच नये. एकच पत्र मसुदा, नकलवही आणि व्हॅरिक यांची प्रत अशा तीन ठिकाणी सापडू शकते, त्यामुळे आपण नेमके काय वाचत आहोत याची नोंद ठेवावी लागते. शब्दावरून शोध घ्यायचा असेल, तर अमेरिकेच्या राष्ट्रीय अभिलेखागाराची 'फाउंडर्स ऑनलाइन' ही सेवा अधिक उपयोगी आहे. 2013 पासून चालू असलेल्या या सेवेत छापील, टीपांसह संपादित मजकूर मिळतो आणि तीही विनामूल्य आहे. पत्र तेथे शोधावे, तारीख टिपून घ्यावी आणि मग मूळ हस्ताक्षर लायब्ररीच्या संग्रहात पाहावे, ही पद्धत मला सर्वांत सोयीची वाटली.

दोन्हीकडे नावनोंदणी नाही, अर्ज नाही, ओळखपत्राची मागणी नाही. एका दफ्तरखान्यात एका पानाच्या नकलेसाठी ज्या खेपा घातल्या, त्या आठवल्या म्हणजे या सोयीचे मोल कळते. प्रतिमा उतरवून घेता येतात; छपाई मात्र मोठ्या आकारातील प्रतिमेवरूनच करावी, कारण लहान प्रतिमेवरून काढलेल्या प्रतीत व्हॅरिक यांच्या कारकुनांचे अक्षरही पुसट होते.