बीडीएसवरून एमबीबीएसकडे जाताना गेलेले ५,२५,००० रुपये

माझ्या मुलीला कॅपच्या (केंद्रीभूत प्रवेश प्रक्रियेच्या) दुसऱ्या फेरीत बीडीएसची, म्हणजे दंतवैद्यकाची जागा मिळाली. पहिली पसंती एमबीबीएसलाच होती, म्हणून मिळालेली जागाच कायम ठेवून पुढच्या फेऱ्यांतून बाहेर पडण्याचा, म्हणजे स्टेटस रिटेन्शनचा अर्ज आम्ही मुद्दाम भरला नव्हता. अशा काठावरच्या मुलांच्या पालकांचे फोन क्रमांक प्रवेशाच्या दलालांच्या हाती कसे पडतात, याची चौकशी कधी तरी व्हायला हवी. अंधेरीतल्या चकचकीत कार्यालयातल्या ‘समुपदेशका’ने सांगितले की, एका खासगी महाविद्यालयातली अडवून ठेवलेली जागा शेवटच्या फेरीत सुटणार आहे आणि ती संस्थात्मक कोट्यातून (महाविद्यालयाच्या वाट्याच्या जागांतून) मुलीला देता येईल. जागा अडवण्याचे प्रकार खरोखरच होतात, त्यामुळे अर्धे खरे बोलणाऱ्यावर कोणाचाही विश्वास बसला असता. संस्थात्मक कोट्यातल्या जागाही सीईटी कक्षाच्या, म्हणजे प्रवेश राबवणाऱ्या सरकारी यंत्रणेच्या निवड यादीतूनच भरल्या जातात, हे मात्र त्याने सोयीस्करपणे गाळले.

नोंदणीचे २५,००० रुपये, ‘सीट ब्लॉकिंग’चे ३,५०,००० आरटीजीएसने आणि ‘विकास निधी’चे १,५०,००० रोख, तेही पावतीशिवाय. त्यानंतर व्हॉट्सअ‍ॅपवर शिक्क्यानिशी जागावाटपाचे पत्र आले, तेव्हा प्रवेशाच्या संकेतस्थळावर त्याच फेरीचे पसंतीक्रम भरणे अजून चालू होते. पसंतीक्रम भरून झालेले नसताना जागेचे वाटप होईल कसे? मी हे विचारलेही होते. “संस्थेची यादी आमच्याकडे आधी येते,” असे उत्तर त्याने इतक्या सहज दिले की, मुलीच्या चेहऱ्यावरचा आनंद पाहून मी पुढे काही बोललो नाही. कोणता बाप बोलला असता? प्रत्यक्ष यादीत तिचा ‘नीट’ या प्रवेश परीक्षेतला क्रमांक नव्हता आणि तोवर कार्यालयाला कुलूप लागले होते.

पोलीस ठाण्यात तर उलट मलाच सुनावण्यात आले की, कॅपिटेशन फीला (प्रवेशासाठी ठरलेल्या शुल्काबाहेर घेतलेल्या पैशांना) १९८७ च्या कायद्याने बंदी आहे, मग पैसे दिलेच कशाला! घर मुलुंडला, कार्यालय अंधेरीला, बँक खाते तिसरीकडे, म्हणून प्रत्येक ठाण्याने दुसऱ्याकडे बोट दाखवले. हद्द कोणतीही असली तरी कोणत्याही ठाण्यात शून्य क्रमांकाने (‘झिरो एफआयआर’) गुन्हा नोंदवता येतो, हे मला एका वकिलाकडून कळले. खाकी वर्दीतल्या एकानेही ते सांगितले नाही. प्रवेशाच्या सरकारी कार्यालयात, “पत्र आमच्या कार्यालयाचे नाही, म्हणून तक्रारही आमच्याकडे नाही,” असे ऐकून घ्यावे लागले. बँकेने पोलिसांचे पत्र मागितले आणि पोलिसांनी बँकेचे विवरण. पैसे ऑनलाइन गेले असतील तर ठाण्याच्या वाऱ्या करण्याआधी १९३० या सायबर फसवणुकीच्या मदत क्रमांकावर फोन करा; आमचा सुरुवातीचा वेळ हद्दीच्या वादातच गेला.

खाते कोणाच्या नावावर आहे ते नीट वाचा. आमचे पैसे एका प्रवासी कंपनीच्या चालू खात्यात गेले. प्रवेशाच्या संकेतस्थळावरच्या लॉगिनचा पासवर्ड कोणालाही देऊ नका. आणि समोरच्याने संदेश आपोआप पुसले जाण्याची सोय चालू केलेली दिसली, तर प्रत्येक संदेशाचा स्क्रीनशॉट तत्काळ काढा; रोख १,५०,००० मिळाल्याची त्याची कबुली आमच्याकडे तेवढ्या एकाच संदेशात होती आणि तो आता उरलेला नाही.