निव्हियाक कोर्नेलियुसेन यांच्या दोन कादंबऱ्या : काही महिन्यांच्या वाचनानंतर

ग्रीनलँडच्या या लेखिकेची पहिली कादंबरी इंग्रजीत दोन नावांनी मिळते, हे विकत घेणाऱ्याला आधीच कळायला हवे. अ‍ॅना हालागर यांनी केलेला अनुवाद ब्रिटनमध्ये २०१८ साली ‘क्रिम्झन’ या नावाने आणि अमेरिकेत २०१९ साली ‘लास्ट नाइट इन नूक’ या नावाने निघाला. मला मात्र एका ऑनलाइन विक्रेत्याने ही दोन वेगळी पुस्तके म्हणून जोडीने विकली आणि आतील पानांची छायाचित्रे पाठवूनही, मुखपृष्ठे निराळी आहेत एवढ्याच कारणावर पैसे परत करण्यास नकार दिला. आयात पुस्तकाच्या किमतीत मराठीतील दोन-तीन चांगल्या कादंबऱ्या येतात, त्यामुळे हा राग अजून गेलेला नाही.

त्या रागातच वाचायला घेतलेली कादंबरी सुरुवातीला उथळ वाटली. नूक शहरातील फिया, इनुक, आर्नाक, इविक आणि सारा या पाच तरुणांच्या पार्ट्या, प्रेमभंग आणि मोबाइलवरचे निरोप यांत विशेष काय आहे, असा प्रश्न पडला. तथापि इविकच्या प्रकरणापाशी मत बदलले. आधी साराच्या जोडीदाराचे, म्हणजे मुलगी म्हणून वाढलेल्या इविकचे, निव्वळ विचित्र वाटलेले वागणे, आपण पुरुष आहोत हे उमगण्याची धडपड म्हणून समोर येते आणि आधीची प्रकरणे पुन्हा उघडून पाहावी लागतात. एरवी दोनदा वाचण्यासाठी मी कादंबरी विकत घेत नाही, ही वाचली.

१९९० साली जन्मलेल्या आणि दक्षिण ग्रीनलँडमधील नानोर्तालिक येथे वाढलेल्या कोर्नेलियुसेन यांनी ‘होमो सापिएन’ या मूळ नावाची ही कादंबरी ग्रीनलँडिकमध्ये लिहिली आणि डॅनिशमध्येही स्वतःच आणली. ती २०१४ साली प्रसिद्ध झाली. ग्रीनलँडिक भाषेतील पहिली कादंबरी, माथियास स्टॉर्क यांची, त्याच्या शंभर वर्षे आधीची, १९१४ सालची. सुमारे ५६ हजार लोकसंख्येच्या देशातील लेखिका इतक्या भाषांत पोहोचते, याचे श्रेय मी तिच्या निर्भीडपणाला देतो, कारण हिमनग आणि शिकारी यांची अपेक्षा धरणाऱ्या परदेशी वाचकाला ती काहीही सजवून देत नाही.

दुसरी कादंबरी, २०२० सालची ‘नासुलिआर्दार्पी’, इंग्रजीत ‘द व्हॅली ऑफ फ्लॉवर्स’, ही अधिक मोठी कृती आहे. तिला २०२१ साली नॉर्डिक कौन्सिल या उत्तर युरोपीय देशांच्या संस्थेचा तीन लाख डॅनिश क्रोनरचा साहित्य पुरस्कार मिळाला, आणि तो मिळवणाऱ्या त्या पहिल्या ग्रीनलँडिक लेखिका ठरल्या. शिक्षणासाठी डेन्मार्कला गेलेल्या तरुणीच्या निवेदनातून ग्रीनलँडमधील आत्महत्यांचे वास्तव येथे इतक्या जवळून दिसते की, दुःख ताजे असलेल्या वाचकाने हे पुस्तक सध्या बाजूला ठेवावे. इतरांपैकी ज्यांच्याकडे एकाच पुस्तकापुरते पैसे असतील, त्यांनी मात्र हेच घ्यावे.