चार फुटांच्या खाऱ्या पाण्याच्या टाकीची आखणी: पुण्यातील एका सेवेचे परीक्षण

पुण्यात गोड्या पाण्यातील माशांची दुकाने जागोजागी सापडतात, पण खाऱ्या पाण्याची मोठी टाकी घरात नीट उभी करून देणारे व्यावसायिक मोजकेच आहेत; आणि त्यांतही काही विकण्याआधी कागदावर आखणी करून देणारे तर फारच थोडे. कोथरूडच्या आमच्या घरातील दोन फुटांची टाकी काही वर्षे चांगली चालल्यानंतर चार फूट लांब, दोन फूट रुंद आणि दोन फूट उंच अशी टाकी करायचे ठरले, तेव्हा आम्ही अशाच एका व्यावसायिकाची आखणीची सेवा घेतली. तिचे शुल्क वेगळे आकारले जाते आणि पुढचे काम त्यांनाच दिल्यास ते अंतिम बिलातून वजा होते. या सेवेविषयी माझे मत अनुकूल आहे, कारण त्यांनी कोणते मासे हवेत हे विचारण्याआधी घराची चौकशी केली.

पहिला प्रश्न वजनाचा होता. या मापाच्या टाकीत सुमारे ४५३ लिटर पाणी मावते आणि समुद्राचे पाणी गोड्या पाण्यापेक्षा जड असल्यामुळे त्याचे वजन ४६० किलोंच्या पुढे जाते. बारा मिलिमीटर जाडीच्या काचेचे सुमारे ९० किलो, शिवाय खडक, वाळू, स्टँड आणि खालच्या सम्पमधील (स्टँडमध्ये ठेवलेल्या, पाणी गाळण्याच्या छोट्या टाकीतील) पाणी धरले, तर अवघ्या आठ चौरस फुटांवर पाऊण टनाच्या आसपास भार येतो. राहत्या खोल्यांच्या स्लॅबसाठी भारतीय मानकात चल भार (माणसे, सामान यांचा बदलता भार) साधारणपणे दर चौरस मीटरला २०० किलो धरलेला असतो. हा आकडा संपूर्ण खोलीवर पसरलेल्या भाराचा आहे, त्यामुळे त्याची टाकीखालच्या भाराशी सरळ तुलना करता येत नाही. तरीही स्ट्रक्चरल इंजिनिअरचे लेखी मत आल्याशिवाय पुढचे रेखाचित्र करणार नाही, अशी अट त्यांनी घातली, ती मला अत्यंत योग्य वाटली. दिवाणखाना आणि जेवणाची जागा यांच्यामध्ये टाकीचा आडोसा करण्याची आमची इच्छा होती. तिथे खाली बीम नसल्यामुळे ती कल्पना सोडावी लागली आणि टाकी बीमवरच्या भिंतीलगत गेली. दिसण्याच्या दृष्टीने हे थोडे कमी आहे, परंतु तिसऱ्या मजल्यावर यात तडजोड करण्यासारखे काही नाही.

आखणीतील सर्वांत उत्तम भाग सम्पचा आहे. मोठ्या टाकीत पाणी ओव्हरफ्लोमधून खाली सम्पमध्ये उतरते, तिथे स्किमर (पाण्यातली घाण फेसाबरोबर बाहेर काढणारे उपकरण) आणि हीटर असतात, आणि रिटर्न पंप ते पुन्हा वर चढवतो. वीज गेली की पंप थांबतो, पण वरचे पाणी लगेच थांबत नाही; परतीच्या पाइपाचे तोंड पाण्यात जितके खोल असेल तितक्या पातळीपर्यंत पाणी सायफनने उलटे खाली येत राहते. चार बाय दोन फुटांच्या टाकीत पातळी दोन इंचांनी उतरणे म्हणजे सुमारे ३८ लिटर पाणी. तेवढी रिकामी जागा सम्पमध्ये नसेल, तर ते पाणी फरशीवर आणि कदाचित खालच्या मजल्यावरच्या शेजाऱ्यांकडे जाते. अनेक जण यावर पाणी उलटे येऊ न देणारा नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह बसवून निश्चिंत होतात, पण खाऱ्या पाण्यात त्यावर क्षार आणि शैवाल साचून तो कधी ना कधी अडकतोच. या आखणीत व्हॉल्व्हवर भिस्त ठेवलेली नाही. परतीचे तोंड पातळीच्या जवळ घेतले आहे आणि सम्पची जास्तीत जास्त पातळी काचेवर रेघ मारून ठरवून दिली आहे. टाकी भरल्यावर त्यांनी आमच्या समोर मुख्य स्विच बंद करून पाणी कुठे थांबते ते दाखवले. ज्या शहरात देखभालीसाठी गुरुवारी वीज जाणे अंगवळणी पडले आहे, तिथे ही चाचणी प्रत्येक ग्राहकाने मागून घ्यावी. वेव्हमेकर, म्हणजे टाकीतले पाणी हलते ठेवणारा छोटा पंप, इन्व्हर्टरवर ठेवण्याची सूचनाही महत्त्वाची आहे. वीज गेल्यावर माशांना सर्वांत आधी कमी पडतो तो प्राणवायू, आणि पाण्याचा पृष्ठभाग हलता राहिला की तो मिळत राहतो.

पाण्याबाबत त्यांनी महापालिकेचे आणि टँकरचे पाणी वेगवेगळे तपासले, हे मला विशेष आवडले. खडकवासल्याकडून येणारे पाणी तुलनेने मृदू असते, तर उन्हाळ्यात सोसायटीत येणाऱ्या टँकरच्या पाण्याचा टीडीएस (विरघळलेल्या क्षारांचे प्रमाण) कितीतरी जास्त निघतो. म्हणून आरओनंतर उरलेले क्षार शोषून घेणाऱ्या डीआय रेझिनचा टप्पा घेऊन टीडीएस शून्यावर आणूनच मीठ कालवायचे, असे आखणीत स्पष्ट लिहिले आहे. दर पंधरवड्याला दहा टक्के पाणी बदलायचे, म्हणजे ४५ लिटर पाणी आणि साधारण पावणेदोन किलो सागरी मीठ. त्यासाठी ड्राय बाल्कनीत दोन पिंपांची जागा राखली आहे. आरओमधून वाया जाणारे पाणी तयार पाण्याच्या तिप्पट-चौपट असू शकते. ते फरशी पुसायला आणि संडासात वापरण्याची सोय त्यांनी नळजोडणीतच केली. बाष्पीभवनाने उडालेल्या पाण्याची भरपाई मात्र शुद्ध गोड्या पाण्यानेच करायची असते, कारण मीठ उडत नाही. पुण्याच्या कोरड्या एप्रिल-मे महिन्यांत हे काम हाताने करत राहिल्यास क्षारता सतत वरखाली होते. ती विशिष्ट गुरुत्वाच्या मापाने १.०२५ च्या आसपास स्थिर राहायला हवी. म्हणून ऑटो टॉप-ऑफ, म्हणजे उडालेले पाणी आपोआप भरणारे उपकरण, आवश्यक वस्तूंच्या यादीत आहे, ऐच्छिक वस्तूंच्या नाही. हा निर्णय बरोबर आहे.

उन्हाळ्यातील तापमानासाठी त्यांनी मोठा चिलर (पाणी थंड करणारे यंत्र) गळ्यात मारला नाही. हवा कोरडी असताना पृष्ठभागावर पंखा सोडला तरी पाणी दोन-तीन अंशांनी उतरते, त्यामुळे थर्मोस्टॅटवर चालणारा पंखा आधी आणि त्याने २७ अंशांच्या खाली पाणी राहिले नाही तरच एक तृतीयांश अश्वशक्तीचा चिलर, अशी रचना आहे. चिलर पाण्यातली उष्णता खोलीत टाकतो, म्हणून तो बाल्कनीत ठेवला आहे.

उणिवाही आहेत आणि त्या किरकोळ नाहीत. मासिक विजेचा अंदाज आखणीत दिलेला नव्हता. मागितल्यावर मिळाला, पण चिलरमुळे वाढणारे युनिट घराचा वापर वीजदराच्या वरच्या टप्प्यात नेतात आणि मग त्या वरच्या युनिटांचा दरही चढा लागतो, हे त्यात धरलेले नव्हते. मीठ आणि ओलावा यांच्या शेजारी इतकी उपकरणे असताना आरसीसीबीचा (गळती होताच वीज तोडणाऱ्या स्विचचा) आणि वायरीवरून ओघळणारे पाणी प्लगमध्ये जाऊ नये म्हणून प्रत्येक वायरीला प्लगच्या खाली झोळ ठेवण्याचा उल्लेख नसणे मला गंभीर वाटते. आम्ही ते काम आमच्या इलेक्ट्रिशियनकडून वेगळे करून घेतले. नवे मासे आधी वेगळे ठेवण्यासाठी क्वारंटाइन टाकीही आखणीत नव्हती. मुख्य टाकीत एकदा पांढऱ्या ठिपक्यांचा रोग शिरला की तिथे तांब्याचे औषध टाकता येत नाही, कारण त्याने कोळंबी आणि इतर अपृष्ठवंशी जीव मरतात.

सजीवांच्या बाबतीत मात्र त्यांची भूमिका स्वच्छ होती. खडक कृत्रिम आणि सुकाच वापरायचा, समुद्रातून काढलेला नाही, हे त्यांनी सुरुवातीलाच सांगितले. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने प्रवाळांना पहिल्या अनुसूचीत संरक्षण दिले आहे आणि समुद्रघोड्यांनाही. तरीही आपल्या किनाऱ्यावरचे प्रवाळ विकायला तयार असणारे लोक भेटतात, हे दुःखद आहे. पाण्यातील अमोनिया आणि नायट्राइट ही माशांना घातक द्रव्ये शून्य येईपर्यंत, म्हणजे बहुधा चार ते सहा आठवडे, एकही मासा न सोडण्याची अट लेखी आहे. सुरुवातीला क्लाउनफिशची जोडी सुचवली आहे, तीही बंदिस्त पैदाशीची. केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेने या माशांच्या पैदाशीचे तंत्र विकसित केल्यापासून समुद्रातून पकडलेली जोडी घेण्याचे काही कारण उरलेले नाही. आमच्या मुलीला निळा टँग हा मासा हवा होता. तो पूर्ण वाढल्यावर जवळपास एक फुटाचा होतो आणि सतत पोहत राहतो, त्यामुळे चार फुटांच्या टाकीसाठी तो विकणार नाही, असे त्यांनी तिला शांतपणे समजावून सांगितले आणि यादीतून तो वगळला.

आखणीचे कागद ग्राहकाच्याच मालकीचे राहतात आणि ते घेऊन दुसऱ्या कारागिराकडून काच किंवा स्टँड करून घेण्यास हरकत नसते. आम्ही स्टँड पत्र्याऐवजी मरिन प्लायचा, बाहेरून करून घेतला, आणि त्यांनी त्याची पातळी तपासायला येण्याचे वेगळे पैसे घेतले नाहीत.