समुद्रकाठी दहा गुंठे, मुक्काम जावा: एजंटाला एक तारा, गावाला चार

सत्तावीस वर्षं मी दुय्यम निबंधकाच्या ऑफिसात दस्त नोंदवले. त्यामुळे कुणी "ताई, पेपर एकदम क्लिअर आहेत" म्हटलं की माझा हात आपोआप चष्म्याकडे जातो. दादरच्या एका हॉलमध्ये, बटाटेवडा आणि मशीनची कॉफी घेत, हे वाक्य मी दीड तासात अकरा वेळा ऐकलं. ह्यांनी मोजलं नाही. हे पडद्यावरचा समुद्र बघत होते.

स्कीम अशी: इंडोनेशियातल्या जावा बेटावर, पचितान जिल्ह्यातल्या एका खेड्यात, समुद्रापासून पाच मिनिटांवर नारळाच्या झाडांसकट दहा गुंठे. एकरकमी भरा, आयुष्यभर मालक. सोबत सहा दिवसांची साइट व्हिजिट, दोघांचे एक लाख नव्वद हजार, प्लॉट घेतला तर त्यातून वळते. कंपनीचं नाव घेत नाही. टोकनच्या पन्नास हजारांवरून आमचं अजून चालू आहे.

आता आम्ही गेलोच कशाला? बोरिवलीची बिल्डिंग रिडेव्हलपमेंटला गेली, कॉर्पसचे पैसे हातात आले आणि ह्यांच्या डोक्यात पुन्हा समुद्र शिरला. गाव आमचं देवगडकडे. पण सातबाऱ्यावर एकतीस नावं. त्यातली सात वारलेली, दोघं कॅनडात, आणि एक काका असे की सही मागायला गेलं की आधी १९८४ सालच्या आंब्यांचा हिशोब काढतात. "त्यापेक्षा परदेशात सोपं," हे म्हणाले. मी गप्प बसले. तिथेच चुकलं.

प्रवासाबद्दल फार सांगण्यासारखं नाही. मुंबई ते जाकार्ता, तिथून योग्यकार्ताच्या नव्या विमानतळावर, पुढे पाच तास गाडी. जाकार्ताला उतरल्यावर व्हिसाचे पाच लाख रुपिया भरायचे ऐकून ह्यांनी खिसा चाचपला. आपले सत्तावीसशेच्या आसपास होतात. त्यावर तीस दिवस राहता येतं, एकदा आणखी तीस वाढवून मिळतात. म्हणजे "आयुष्यभर मालक" झालात तरी या व्हिसावर साठाव्या दिवशी आपल्याच प्लॉटवरून उठायचं. दादरच्या हॉलमध्ये हे कुणी बोललं नव्हतं.

गाव मात्र खरंच चांगलं आहे. पचितान म्हणजे पूर्व जावाचा नैऋत्येचा कोपरा, माजी राष्ट्राध्यक्ष सुसिलो बांबांग युधोयोनो यांचा जिल्हा. सगळा भाग चुनखडीच्या टेकड्यांचा, एकामागे एक पालथ्या वाट्यांसारख्या. नावच गुनुंग सेवू, म्हणजे हजार डोंगर. २०१५ पासून युनेस्कोच्या जिओपार्कच्या यादीत आहे. टेकड्या संपल्या की पांढरी वाळू, आणि बाहेर लाटा अशा की ऑस्ट्रेलियातून पोरं फळ्या घेऊन येतात. घरं कौलारू, अंगण झाडलेलं, कुणी आलं की "मोंगो, मोंगो", म्हणजे या, बसा, घ्या, सगळंच. बाजार आठवड्याचा नाही, पाच दिवसांनी फिरून येतो: लेगी, पाहिंग, पोन, वागे, क्लिवोन. आमच्या वाट्याला पोनचा बाजार आला. सुकी मासळी, मिरच्या, टेंपे म्हणजे आंबवलेल्या सोयाबीनच्या वड्या, प्लास्टिकच्या बादल्या. डोळे मिटून वास घेतला असता तर मी जामसंडेच्या बाजारात होते.

गावात तरुण माणूस दिसत नाही. पोरं जाकार्ता-सुराबायाला, मुली तैवान नाहीतर हाँगकाँगला घरकामाला. त्यांच्या पैशातून चकचकीत टाइल्सचं घर उभं राहतं आणि आत एकटी आजी टीव्ही बघत असते. ईदला मात्र सगळे गावी येतात, त्याला मुडिक म्हणतात. गाड्यांना जागा नसते, तिकिटं महिनोन्‌महिने आधी संपतात. हे मला कुणी समजावून सांगायची गरज पडली नाही. गणपतीत कोकणात जाणाऱ्या एसटीच्या टपावर मी लहानपण काढलंय.

ज्या होमस्टेत उतरलो तिथल्या मालकीणबाईंना सगळे बु म्हणतात, आपल्या 'बाई'सारखं. साठीच्या, कमरेला सारोंग, इंग्रजीचे दहा शब्द आणि त्या दहांत सगळं निभावणाऱ्या. गावाचे चार तारे यांच्यामुळेच. पहिल्या रात्री त्यांनी तिवुल वाढलं. ज्या कंदाचा साबुदाणा होतो त्याच्या सुकवलेल्या पिठाचा वाफवलेला, भातासारखा दाणेदार प्रकार. ह्यांनी विचारलं, "म्हणजे एकादशीला चालेल?" ताटात शेजारी टुना होता, तेव्हा प्रश्न तिथेच मिटला. उराप नावाची भाजी म्हणजे उकडलेला पाला आणि त्यावर मसाला लावलेलं ओलं खोबरं. मिरचीच्या सांबालमध्ये तेरासी, म्हणजे कुटून मुरवलेला जवळा. मी दोनदा मागून घेतलं.

दुसऱ्या दिवशी पहाटे बुंच्या दिरांबरोबर माडाखाली उभी होते. ते माडावर चढले, कालची भरलेली डबडी सोडवली, नवी बांधली. डबड्यात आधीच चिमूटभर चुना घातलेला, नाहीतर नीरा आंबते. मग ती गाळून मोठ्या कढईत, खाली करवंट्यांचा जाळ. तीनेक तासांनी फेस तपकिरी झाला, उलथन्यावरून तार सुटली, तेव्हा बुंनी ते अर्ध्या करवंट्यांत ओतलं. थंड झाल्यावर गुळाच्या अर्धगोल ढेपा टकाटक निघाल्या. अशा ढेपा विकून महिन्याला काय सुटतं ते मी विचारलं नाही. पण दीर पंचावन्नचे आहेत, दिवसातून दोनदा माडावर चढतात आणि त्यांचा मुलगा चढत नाही, एवढं दिसलं.

गावाचा पाचवा तारा कुठे गेला? पाण्यात. चुनखडीचा डोंगर पाऊस धरत नाही, सगळं पाणी खाली भुयारांत जातं. आम्ही सप्टेंबरात होतो, म्हणजे कोरड्या महिन्यांच्या अखेरीस. बुंच्या मागच्या अंगणात छपराचं पाणी साठवायची सिमेंटची टाकी आहे. मी झाकण उचलून टॉर्च मारला तर तळाला वीतभर पाणी आणि त्यात एक बेडूक. दर चार दिवसांनी टँकर. आंघोळीला हौदातून तांब्याने पाणी घ्यायचं, आणि मी दुसरा तांब्या घेताना बाहेर कुणी मोजतंय असं वाटायचं. एजंटाच्या ब्रोशरमध्ये याच गावात "प्लंज पूल"चं चित्र आहे.

दवाखान्याचंही सांगते, कारण आमच्या वयाचे लोक हे वाचणार. जवळ पुस्केस्मास आहे, आपल्या प्राथमिक आरोग्य केंद्रासारखं. ताप, टाके तिथे. त्यापुढे पचितान शहर. हृदयाचं काही झालं तर घाट उतरून योग्यकार्ता किंवा सोलो, तीनेक तास. शिवाय रस्त्यावर जागोजागी लाट आणि पळणारा माणूस काढलेली पाटी. याच दक्षिण किनाऱ्यावर, पश्चिमेला पांगांदारानला, १७ जुलै २००६ च्या त्सुनामीत सहाशेवर माणसं गेली. बुंनी बोटांवर शिकवलं: वीस सेकंद जमीन हलली तर वीस मिनिटांत वीस मीटर उंच जायचं. ह्यांच्या गुडघ्यांकडे बघून त्यांनी स्कूटर दाखवली.

आता मुख्य माल, कागद.

तिसऱ्या दिवशी एजंटाचा स्थानिक माणूस फाइल घेऊन पडवीत आला. मी फोनचं भाषांतर लावून बसले, पण अर्धं भाषांतर लागलंच नाही. हाक मिलिक: हक्क आणि मिळकत. साक्सी: साक्षी. बुमी: भूमी. आणि हाक सेवा, ज्यावर ह्यांचा चेहरा उजळला, ती आपली सेवा नव्हे. सेवा म्हणजे भाडं.

१९६० च्या त्यांच्या जमीन कायद्याप्रमाणे हाक मिलिक, म्हणजे पूर्ण मालकी, फक्त इंडोनेशियाच्या नागरिकाला. परदेशी माणसाला मिळू शकतो तो हाक पाकाई, वापरायचा हक्क: तीस वर्षं, मग वीस वाढवून, मग तीस नूतनीकरण. त्यालाही त्यांच्या इमिग्रेशनचे योग्य कागद हवेत, आणि परदेशी माणसाने घ्यायच्या घराची किमान किंमत सरकारने बांधून दिलीय, ती अब्ज रुपियांमध्ये. कंपनी काढून घ्यायची म्हटलं तर गुंतवणूक दहा अब्ज रुपियांच्या वर दाखवायची, म्हणजे आपले पाच कोटी आणि वर. राहिलं भाडेपट्ट्यावर घेणं. ते होतं, पण मग तो भाडेपट्टा आहे असं सांगून विका.

फाइलमध्ये काय होतं? जमीन एका गावकऱ्याच्या नावावर, आमच्या पैशाने. मग त्याने आमच्याकडून कर्ज घेतल्याचा करार, आम्हाला दिलेलं मुखत्यारपत्र, आणि पंचवीस वर्षांचा भाडेपट्टा. अशी चार कागदांची मोळी. मी म्हटलं, याला आमच्याकडे बेनामी म्हणतात आणि १९८८ पासून त्याला कायदा आहे. तो हसून म्हणाला, इथे सगळे असंच करतात. करत असतील. पण त्याच १९६० च्या कायद्याचं कलम २६ सांगतं की असा व्यवहार मुळातच रद्द, जमीन सरकारजमा, दिलेले पैसे परत नाहीत. नोकरीत असताना माझ्या टेबलावर हा दस्त आला असता तर मी चहाही न मागवता परत केला असता.

याचा राग मला त्या देशाचा येत नाही. महाराष्ट्रात शेतजमीन घ्यायला शेतकरी असल्याचा दाखला लागतो, आमच्या शेजारच्या शहांना तो मिळाला नाही म्हणून अलिबागचा व्यवहार फिसकटला. मग जावातल्या शेतकऱ्याने आपली वाडी बोरिवलीकरांना का द्यावी?

संध्याकाळी आम्ही प्लॉटवर गेलो. भरतीने सोडलेल्या शेवाळाच्या रेघेपासून हे पावलं मोजत निघाले. प्लॉटची मागची हद्द चौऱ्याहत्तर पावलांवर. इंडोनेशियाचा २०१६ चा नियम सांगतो की कमाल भरतीरेषेपासून किमान शंभर मीटर किनारपट्टी मोकळी सोडायची, आपल्या सीआरझेडसारखंच. म्हणजे दहाच्या दहा गुंठे त्या पट्ट्यात. नारळाची झाडं मोजून अठरा होती. ती खरी होती.

जाता जाता मी बुंना घेऊन गावच्या कार्यालयात गेले. कपाला देसा, म्हणजे गावाचं कपाळ, सरपंच, बाहेर गेले होते. पण कारकून भला निघाला. त्याने 'लेटर सी' नावाची जुनी नोंदवही काढली, कडा वाळवीने खाल्लेली, जांभळ्या शाईतली. तलाठ्याच्या दप्तराचा वास जगभर एकच असावा. या वहीचा उतारा म्हणजे मालकी नाही, फक्त सारा कोण भरतं त्याची नोंद. मालकीचं सर्टिफिकेट जमीन खात्याकडून वेगळं काढावं लागतं, आणि २०२१ च्या नियमाने जुन्या नोंदीवाल्यांना त्यासाठी पाच वर्षांची मुदत घातली होती. आमच्या प्लॉटचं सर्टिफिकेट निघालेलं नव्हतं. नाव होतं एका आजोबांचं, ते कधीच वारलेले. वारस किती, मी बोटांनी विचारलं. कारकुनाने एकेक आठवत नऊ बोटं वर केली. त्यातली एक तैवानला.

ह्यांनी बाहेर येऊन पहिल्यांदा काय म्हटलं असेल? "एकतीसपेक्षा नऊ बरे."

पैशांबद्दल एवढंच. बाहेर पाठवायची मर्यादा माणशी वर्षाला अडीच लाख डॉलर, आणि दहा लाख रुपयांच्या वरच्या रकमेवर वीस टक्के टीसीएस, म्हणजे आगाऊ कर, आधीच कापला जातो, मग रिटर्न भरून मागत बसायचं. हे सांगितल्यावर एजंट फोनवर म्हणाला, "ताई, ते आपण तिकडच्या तिकडे अ‍ॅडजस्ट करू." सरकारी पेन्शन घेणाऱ्या बाईला हवाला सुचवणाऱ्याला तो एक तारा तरी का दिला म्हणाल, तर गाडीचा ड्रायव्हर वेळेवर येत होता आणि घाटात सावकाश चालवत होता.

तिथल्या जमिनीला भाव येणार का? दक्षिण किनाऱ्याचा रस्ता तुकड्यातुकड्याने जोडला जातोय, लाटांवरची गर्दी वाढतेय, तेव्हा येईलही. बु सांगत होत्या की वाळूला लागून असलेले बरेचसे तुकडे आधीच सुराबाया आणि जाकार्ताच्या लोकांकडे गेलेत. ज्याच्याकडे तिथलं ओळखपत्र आहे त्याचं भलं होईल. आमच्यासारख्याने फार तर घर वर्षाच्या भाड्याने घ्यावं, त्याला ते कोंत्राक म्हणतात, आणि आधी एक सप्टेंबर काढून बघावा.

टोकनसाठी मी रजिस्टर्ड पोस्टाने दोन पत्रं पाठवलीत. पोचपावत्या आल्या, पैसे नाहीत. परवा त्याच नंबरवरून मेसेज आला, "शेवटचे तीन प्लॉट". ह्यांनी तो मला न दाखवता वाचला, हे मला नंतर कळलं.

गुळाच्या चार ढेपा आणल्या होत्या, एक उरलीय. मोदकाच्या सारणात घातला तर रंग काळपट येतो, चव मात्र आपल्या माडाच्या गुळाचीच. बुंकडे मे महिन्यासाठी एक खोली महिनाभर सांगून ठेवलीय. त्यांनी कळवलंय की तेव्हा या, पाऊस नुकता संपलेला असतो, टाकी भरलेली असेल.