पीएम-विद्यालक्ष्मीचं शैक्षणिक कर्ज: सियागंजच्या मुनिमाचा अभिप्राय

पाचपैकी साडेतीन तारे. दीड तारा कापलाय तो योजनेचा नाही, बँकेच्या शाखेचा.

मी इंदूरला सियागंजात एका घाऊक पेढीवर हिशेब लिहितो. उधारी, व्याज, मुदत हेच दिवसभर डोळ्यांसमोर असतं. आमची मुक्ता इंजिनिअरिंगला लागली आणि फी, पुस्तकं, लॅपटॉप असा आकडा 6 लाखांवर गेला, तेव्हा कर्ज घ्यायचं ठरलं. रामबागेतल्या घरी सासूबाईंना आधी ते पटेना. शिक्षणासाठी कोणी कर्ज काढतं का, म्हणाल्या. त्यांच्या भावाच्या वेळी काढावं लागत नव्हतं, हे खरंच आहे.

केंद्रीय मंत्रिमंडळाने नोव्हेंबर 2024 मध्ये ही योजना मंजूर केली. एनआयआरएफ, म्हणजे केंद्र सरकारच्या कॉलेज-विद्यापीठांच्या क्रमवारीवरून निवडलेल्या संस्थांत (सुरुवातीला त्या 860 होत्या) गुणवत्तेवर प्रवेश मिळाला, तर तारण नाही, जामीनदार नाही. साडेसात लाखांपर्यंतच्या कर्जाला सरकार बँकेला 75 टक्के हमी देतं, म्हणजे बँकेने फार घाबरायचं कारण उरत नाही. घरचं उत्पन्न वर्षाला 8 लाखांच्या आत असेल, तर 10 लाखांपर्यंतच्या कर्जावर शिक्षणाच्या काळात आणि पुढच्या एका वर्षात व्याजात 3 टक्के सूट. साडेचार लाखांच्या आत असेल आणि अभ्यासक्रम तांत्रिक किंवा व्यावसायिक असेल, तर त्या काळातलं सगळंच व्याज सरकारकडून. मॅनेजमेंट कोट्यातल्यांना यातलं काही नाही, आणि दुसऱ्या सरकारी योजनेतून शिष्यवृत्ती किंवा व्याजसवलत घेणाऱ्यांना ही व्याजसूट नाही. अर्ज ऑनलाइन. आय प्रमाणपत्रासाठी, म्हणजे उत्पन्नाच्या दाखल्यासाठी, लोकसेवा केंद्रात समग्र आयडी (राज्य सरकारचा कुटुंब-ओळख क्रमांक) घेऊन जावं लागतं, ते आपल्या एमपीत कोणाला नवीन नाही.

आता शाखा. बँकेचं नाव लिहीत नाही, पण शाखा आमच्याच भागातली. काउंटरवरचा मुलगा फाईल उलटीपालटी करत म्हणाला, "भाऊसाब, प्लॉट की रजिस्ट्री तो लगेगी ना." मी म्हटलं, योजनेत तारण नाही. तो म्हणाला, वरून विचारतात. मग मी नियमाचा छापील कागद पुढे ठेवला, त्याने तो मॅनेजरसाहेबांना दाखवला, आणि रजिस्ट्रीचा विषय तिथेच मिटला. पुढच्या खेपेला विम्याची पॉलिसी आली, कर्जासोबत घ्यायलाच पाहिजे अशा सुरात. घ्यायची असेल तर घ्या, पण लेखी मागा की सक्तीची आहे का. मी मागितलं, ते काही मिळालं नाही, मग पॉलिसीही घेतली नाही. कारकून वाईट नव्हता हो, त्याला टार्गेट असणार. पण ज्याला फारसं वाचता येत नाही, तो रजिस्ट्री देऊन आणि पॉलिसी घेऊन घरी येईल.

मंजुरीपत्राच्या दुसऱ्या पानावर बारीक अक्षरात दोन ओळी आहेत, त्या नीट वाचा. शिक्षण चालू असताना व्याज साधं आकारलं जातं, आणि हप्ता सुरू होताना ते मुदलात मिसळतं. मुक्ताला दर सत्राला पैसे मिळतात, पण हिशेब सोपा व्हावा म्हणून दरवर्षी दीड लाख आणि दर 9 टक्के धरू. चार वर्षं शिक्षण, वर एक वर्ष सवलतीचं. काहीच भरलं नाही, तर पहिल्या हप्त्याच्या दिवशी 6 लाखांचे 7 लाख 89 हजार झालेले असतात. दहा वर्षांच्या मुदतीवर हप्ता जवळपास 10 हजार. तेच व्याज दर महिन्याला भरत गेलात, पहिल्या वर्षी 1,125 आणि शेवटच्या दोन वर्षांत 4,500, तर हप्ता 7,600 वर येतो. म्हणजे या पाच वर्षांत 1 लाख 89 हजार भरले तर पुढच्या दहा वर्षांत सुमारे 2 लाख 87 हजार वाचतात. 3 टक्क्यांची सूट मिळाली तर शिक्षणाच्या काळातलं व्याज आणखी 63 हजारांनी कमी. पण ती वर्षाला 1 लाख विद्यार्थ्यांपुरती आहे, सरकारी कॉलेजवाल्यांना आणि तांत्रिक, व्यावसायिक शाखांना आधी, म्हणून मी ती धरलीच नाही. मिळाली तर बरं.

शिक्षण चालू असताना व्याज भरणाऱ्याला बँका दरात 1 टक्क्यापर्यंत सूट देऊ शकतात, आणि मुलींना कित्येक सरकारी बँका अर्धा टक्का कमी लावतात. ही गोष्ट शाखेत कोणी आपणहून सांगितली नाही. विचारल्यावर अर्धा टक्का लगेच मिळाला.

शेजारच्या ओंकारची गोष्ट मात्र डाचते. घरचं उत्पन्न आमच्याइतकंच, मुलगा हुशार, भंवरकुआँच्या क्लासला दोन वर्षं घासली, पण रँक घसरली आणि खासगी कॉलेजात गेला. कॉलेज यादीत नाही. त्याला नेहमीचं शैक्षणिक कर्ज मिळालं, पण व्याजात 3 टक्क्यांची सूट नाही. खरं तर आयआयटी-आयआयएमला ज्यांचा नंबर लागतो त्यांना बँका तशाही दारापर्यंत सोडायला येतात. अडतं ते ओंकारसारख्यांचं, आणि त्याच्या कॉलेजच्या जाहिरातीत "शंभर टक्के प्लेसमेंट" लिहिलंय, पगार किती ते नाही.

पगाराचा प्रश्न सगळ्यांनाच आहे. मध्य प्रदेश सरकारच्या सीखो-कमाओ योजनेत पदवीधराला प्रशिक्षणाच्या काळात महिन्याला 10 हजार मिळतात. व्याज न भरता काढलेल्या 6 लाखांच्या कर्जाचा हप्ताही जवळपास तेवढाच. इंजिनिअरला याहून जास्त मिळेल अशी आशा आहे, पण मी ओंकारच्या वडिलांना हे दोन आकडे कागदावर शेजारी शेजारी लिहून दाखवले. त्यांनी मग फी कमी असलेली शाखा आहे का, याची चौकशी केली, आणि कॉलेजच्या मागच्या तीन वर्षांच्या नोकऱ्यांची यादी मागितली. यादी अजून आलेली नाही.

एक शेवटची बाब, कर भरणाऱ्यांसाठी. या व्याजावर आयकरात वजावट मिळते (1961 च्या कायद्यात ते 80ई कलम होतं), व्याज भरायला सुरुवात केली त्या वर्षापासून आठ वर्षं, आणि फक्त जुन्या करपद्धतीत. बँकेकडून व्याजाचं प्रमाणपत्र एप्रिलमध्येच मागा, जुलैत शाखेत रांग लागते.