घाटात गाडी लागते, मग एवोमिन घ्यायची की ओंडान्सेट्रॉन?

मेडिकलमध्ये जाऊन नुसतं "उलटीची गोळी द्या" म्हटलं की दुकानदार जी हातात देईल ती आपण घेतो, आणि मग आंबेनळी घाट उतरताना पोलादपूर यायच्या आधीच पिशवी शोधावी लागते. गोळी खराब नसते हो, चुकीच्या कामाला घेतलेली असते.

गाडी लागते तेव्हा पोटाचा काही दोष नसतो. आतला कान सांगतो की आपण गरागरा वळतोय आणि मोबाईलमध्ये घातलेले डोळे सांगतात की जागेवरच बसलोय, हा गोंधळ मेंदूतल्या उलटीच्या केंद्रापर्यंत जातो तो मुख्यतः हिस्टमिन आणि अ‍ॅसिटिलकोलिन या निरोप पोचवणाऱ्या रसायनांच्या वाटेने. एवोमिन म्हणजे प्रोमेथाझिन, ती नेमकी हीच वाट अडवते. मात्र निघायच्या तासदोन तास आधी घ्यायला हवी, उलट्या सुरू झाल्यावर घेऊन काय उपयोग, आणि झोप येते त्यामुळे गाडी चालवणाऱ्याने अजिबात नाही. 2 वर्षांखालच्या बाळाला तर कधीच नाही, श्वास मंदावू शकतो.

ओंडान्सेट्रॉन म्हणजे एमेसेट, ओंडेम वगैरे, ही सेरोटोनिन नावाच्या तशाच एका रसायनाचा निरोप थांबवते. इन्फेक्शनने किंवा केमोने आतड्याला त्रास झाला की तिथल्या पेशी सेरोटोनिन सोडतात आणि व्हेगस नर्व्ह, म्हणजे पोटातून मेंदूकडे जाणारी नस, तो निरोप वर पोचवते. अमेरिकेत 1991 साली हिला मंजुरी मिळाली तीही केमोच्या उलट्यांसाठीच. बाहेरचं खाऊन उलट्या-जुलाब लागले, पाणीसुद्धा टिकत नाही, तिथे माझ्या मते हीच पहिली. झोप आणत नाही, पण डोकं दुखू शकतं, शौचाला घट्ट होतं. घाटात मात्र फारसं काही करत नाही.

डॉमस्टाल म्हणजे डोम्पेरिडोन तिसऱ्याच कामाची. जेवल्यावर पोट गच्च, मळमळ, ढेकर, अन्न पुढे सरकतच नाहीये असं वाटतं तेव्हा ही जेवणाआधी. डोपामिन हे आणखी एक निरोप्या रसायन अडवते पण मेंदूत फारशी शिरत नाही. पेरिनॉर्म, म्हणजे मेटोक्लोप्रमाइड, तेच काम करते पण मेंदूत शिरते, आणि हे मी जवळून पाहिलंय. आमच्या भाचीला एका दवाखान्यात ते इंजेक्शन दिल्यावर संध्याकाळी मान एका बाजूला वळली आणि डोळे वर फिरले, घरात सगळ्यांचा जीव टांगणीला. गंमत म्हणजे तिला बरं वाटलं ते प्रोमेथाझिनच्या इंजेक्शनने. लहान मुलं आणि तरुणांमध्ये हा त्रास जास्त होतो, म्हणून पेरिनॉर्म मनाने घेऊ नका.

हार्टचा त्रास असेल तर ओंडान्सेट्रॉन आणि डोम्पेरिडोन दोन्हींच्या आधी डॉक्टरांना विचारा, ठोक्यांची लय बिघडू शकते. क्लॅरिथ्रोमायसिन हे अँटिबायोटिक चालू असेल तर सोबत डोम्पेरिडोन नकोच. प्रेग्नन्सीत डॉक्टर बहुतेक वेळा डॉक्सिलामिन आणि बी 6 ची गोळी देतात, वरच्यांपैकी काही स्वतःहून नको.

आणि छातीत दाब, घाम आणि मळमळ एकत्र असेल, उलटीत रक्त किंवा हिरवं पित्त दिसलं, डोक्याला मार लागल्यावर उलट्या सुरू झाल्या, किंवा बाळाने 6-8 तास लघवीच केली नाही, तर गोळी कुठली हा विचार सोडा आणि थेट हॉस्पिटल गाठा. साध्या उलट्यांत गोळी घेतली तरी ओआरएस चमच्याचमच्याने चालूच ठेवा, गटागटा प्यायलं की परत बाहेर येतं.