चांद्रयान की मतपेटी : अभिमान अधिक कशाचा?
२३ ऑगस्ट २०२३ रोजी चांद्रयान-३ चंद्राच्या दक्षिण ध्रुवानजीक अलगद उतरले, तेव्हा ऊर भरून आला. २०१९ मधले अपयश पचवून, चुका शोधून आणि लँडरचे पाय अधिक मजबूत करून शास्त्रज्ञांनी चार वर्षांत मिळवलेले हे यश मोठेच आहे. तरीही दोहोंत निवड करायची झाली, तर माझा कौल मतपेटीला आहे. १९५१-५२ मध्ये, बहुसंख्य मतदारांना अक्षरओळखही नसताना, सुमारे १७ कोटी लोकांना मताधिकार देण्याचे धाडस या देशाने केले. प्रत्येक उमेदवारासाठी चिन्ह लावलेली वेगळी पोलादी पेटी होती, आणि त्यांतल्या लाखो पेट्या मुंबईत, विक्रोळीच्या गोदरेज कारखान्यात तयार झाल्या, याचे मला विशेष अप्रूप वाटते. चंद्रमोहिमेमागे मोजक्या तज्ज्ञांची प्रज्ञा असते. मतदान केंद्रावर मात्र डाव्या तर्जनीच्या नखावर शाईची रेघ ओढून घेण्यासाठी शेतमजूर बाई आणि कारखानदार एकाच रांगेत उभे राहतात. गीरच्या जंगलात बाणेज येथे तर एकाच मतदारासाठी केंद्र उघडण्यात आले आहे. २०२४ मध्ये ६४ कोटींहून अधिक नागरिकांनी मतदान केले.